साठ की आठ?

आमच्या नगरच्या चितळे रोडवर (जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच येते) मी एकदा अर्धा किलो गवार घेतली. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "साठ." मी दहाची नोट पुढे केली आणि दोन रुपये परत मिळण्याची वाट पाहत उभा राहिलो. मला 'आठ' ऐकू आले होते!

वर्गात घडले ते मात्र हसण्यासारखे नव्हते. मागच्या बाकावरील एका मुलीने 'फेज'विषयी शंका विचारली. मी 'वेग' ऐकले आणि वेगावर पाच मिनिटे बोललो. ती "बरं सर" म्हणून खाली बसली. त्या सत्रात पुन्हा उठली नाही. नंतर तिच्या मैत्रिणीने खरा प्रश्न सांगितला, तेव्हा मी पुण्याला जाऊन कान तपासून घेतले.

आता पाहा, 'साठ'मधला नेमका 'स'च का गळाला? आपल्या आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. सरळ केली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरेल. तिच्यात सूक्ष्म रोमपेशींच्या रांगा असतात. उंच पट्टीचे ध्वनी नळीच्या तोंडाशी जास्तीत जास्त कंपने निर्माण करतात, तर खर्जातले ध्वनी आतल्या टोकाशी. जॉर्ज फॉन बेकेशी यांना या संशोधनासाठी 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक वैद्यकाचे, पण गृहस्थ मूळचे भौतिकशास्त्राचे, हे सांगताना मला उगाच अभिमान वाटतो! वयाने किंवा गोंगाटाने बहुधा तोंडाजवळच्या पेशी आधी निकामी होतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. 'आ', 'ओ' या स्वरांचा जोर साधारण 1000 हर्ट्झच्या आसपास व त्याखाली असतो. 'स'चा 4000 च्याही वर. म्हणून 'आठ' उरतो आणि 'स' जातो. रिकामी जागा मेंदू आपल्या मनाने भरतो. 'फेज'चा 'वेग' झाला तो असा.

यामुळेच, बरे का, आजोबांच्या कानाशी ओरडून फारसा उपयोग होत नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात, 'स' फारसा मोठा होत नाही.

श्रवणयंत्रात मायक्रोफोन, विवर्धक आणि इवलासा ध्वनिक्षेपक असतो. माझे यंत्र जस्त-हवा घटावर चालते. घटावरची चिकटपट्टी काढली की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि घट जागा होतो. यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवत नाही. श्रवणालेखात जिथे खड्डा असेल तिथे अधिक, आणि हळू आवाजांना मोठ्यांपेक्षा अधिक. तज्ज्ञ बाईंनी पहिल्या फेरीला ते मुद्दामच थोडे कमी ठेवले. म्हणाल्या, "तीन आठवडे रोजच्या कामांत वापरा, काय खटकते ते लिहून आणा."

वही भराभर भरली. पहिल्या सकाळी वर्तमानपत्र उलगडले तर पत्रा फाडल्यासारखे वाटले. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. कान बुजला की हाडांतून येणारा आपलाच खर्ज आत कोंडतो, त्याचा हा परिणाम. डाळीला फोडणी पडली आणि मी दचकलो. माळीवाडा बसस्थानकाजवळ तर यंत्र काढून खिशात टाकले. घरी येऊन पुन्हा घातले, कारण खिशातल्या यंत्राची सवय होत नाही.

दोष यंत्राचा नव्हता. मनगटावरचे घड्याळ तुम्हाला दिवसभर जाणवते का? नेहमीचे आहे म्हणून मेंदू ते बाजूला सारतो. कागदाची सळसळ, चपलांची फटफट तुमचा मेंदू अशीच रोज बाजूला सारत असतो. माझ्या मेंदूला हे आवाज कित्येक वर्षे मिळालेच नव्हते. आता सगळेच नवे, म्हणून सगळेच महत्त्वाचे! दहाव्या दिवशी वहीत पंख्याची नोंद करायची राहून गेली. पंखा चालूच होता.

गोंगाटाचे दुखणे मात्र पुरते गेले नाही. यंत्र माणसाबरोबर रिक्षाही मोठी करते. तिथे भौतिकशास्त्रच कामी आले. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की ध्वनीची तीव्रता चौपट होते, म्हणजे सुमारे 6 डेसिबल अधिक. चार मीटरवरून एक मीटरवर गेलो तर 12 डेसिबल फुकट! शिवाय बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. मावशींच्या पाटीशी मी आता समोर वाकून भाव विचारतो.

दुसऱ्या फेरीला बाईंनी वही वाचून भांड्यांचा खणखणाट थोडा उतरवला आणि 'स'च्या पट्टीतले विवर्धन चढवले.

नवे सत्र सुरू झाल्यावर मी मुलांना कारण सांगून टाकले. आता शंका आली की फळा सोडून त्या बाकापर्यंत चालत जातो. गेल्या गुरुवारी त्याच मुलीने हात वर केला. मी जवळ गेलो, तरी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. 'फेज'च होता.