चर खणणारे आणि मोटार लावणारे

हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीकडे बघत मराठवाड्याने पाणलोटाची स्वप्ने रंगवली. पण पावसाच्या हिशेबात लातूर-नांदेड त्या गावांपेक्षा कितीतरी सुखी आहेत. तिथे सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आत, इथे सातशेच्या पुढे, आणि किनवट-माहूरकडे त्याहूनही जास्त. तरी 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली ती लातूरला. त्यामुळे इथल्या पाणलोट कामांच्या पन्नास वर्षांचा मागोवा घेताना पाणी किती अडले याइतकेच ते कुणाच्या पोटापाण्याला लागले हेही बघावे लागते.

बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामे निघाली ती मुळात हाताला काम म्हणून. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले. मुखेड, कंधार, अहमदपूरच्या माळरानांवर उन्हाळ्यात टिकाव-फावडे चालू लागले. खणलेल्या खड्ड्यात मोजमापासाठी मातीचा एक खुंट तसाच राखायचा. टेप लावून खोली मोजली जाई, मस्टरवर अंगठा उमटे आणि मग मजुरी. पुरुष खोदायचे, बाया घमेली वाहायच्या. तलाव पाझरला नाही तरी भूमिहीनाच्या घरी ज्वारी मात्र यायची. या कामांना पुढे अनेकांनी नावे ठेवली, काही वाजवीही होती. पण त्यांनी चूल पेटवली हे खोडता येत नाही.

1992 मध्ये मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकांच्या कारकिर्दीत राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते आले. 1995 पासून पाणलोट कामांसाठी केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचना लागू झाल्या. माथा ते पायथा उपचार, गावाची पाणलोट समिती आणि हेक्टरी चार हजार रुपये. नांदेडमध्ये सगरोळीच्या संस्कृती संवर्धन मंडळासारख्या संस्थाही या कामात उतरल्या. माथ्यावर समतल चर, उतारावर बांध, ओढ्यावर सिमेंट बंधारा, अशी रचना. चर राखायचे म्हणजे चराईबंदी आलीच. ज्याची शेती नाही पण चार शेळ्या आहेत, त्याचा माळ सगळ्यात आधी बंद झाला. पायथ्याच्या विहिरीला पाणी चढले, ती विहीर मात्र दुसऱ्याची.

फायदा झालाच नाही असे नव्हे, आणि तो मोजायचा तर रब्बीत मोजावा. सोयाबीन निघाले की रान मोकळे पडायचे. आता बंधाऱ्याजवळच्या विहिरीवर हरभऱ्याला दोन पाळ्या देता येऊ लागल्या. एक फुलोऱ्याआधी, दुसरी घाटे भरताना. या दोन पाण्यांवर कोरडवाहू घर वर्षभर तरते. ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला तर सोयाबीनलाही एखादे पाणी मिळते. पाणलोटाची खरी कमाई एवढीच आणि ती मोठी आहे. मात्र दोन पाण्यांची सोय झाली की माणूस बाराही महिन्यांच्या पाण्याची स्वप्ने बघू लागतो. मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखाने उभे राहिले, हुकमी भावाचे पीक दारात आले, आणि अडवलेले पाणी उसाच्या सरीत गेले. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. हरभऱ्याला असा हुकमी भाव कुणी दिला होता?

डिसेंबर 2014 मध्ये राज्य सरकारचे जलयुक्त शिवार अभियान आले. 2019 पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र, ही घोषणा. खर्च सुमारे नऊ हजार सहाशे कोटी. नाल्यांत पोकलेन उतरले, खोलीकरण-रुंदीकरणाचे फोटो निघाले. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा न्यायालयात गेले, जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे लिहीत राहिले. आक्षेप होता की माथा सोडून सगळे नाल्याच्या तळाशीच चालले आहे. भूजलाचा वाद तज्ज्ञांनी घालावा. एक गोष्ट मात्र अडाण्यालाही दिसत होती. जे काम पूर्वी गावातली माणसे महिनोन्‌महिने करत, ते यंत्र आठवड्यात करू लागले. मजुरी डिझेलमध्ये गेली. मुखेड-कंधारचे मजूर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीच्या कोयत्यावर गेले, नाहीतर हैदराबादच्या बांधकामांवर. शिवारात पाणी आले तेव्हा हे मजूर गावात नव्हते.

भूमिहीन मागे राहतात हे शासनाला कळत नव्हते असे नाही. जलयुक्तच्या आधीच, केंद्राच्या 2008 च्या सूचनांत हेक्टरी दर बारा हजारांवर गेला आणि जमीन नसलेल्यांच्या उपजीविकेसाठी दहा टक्के राखले गेले, पुढे नऊ झाले. त्यातून बचत गटांना शेळ्या मिळाल्या. ज्या माळावर चराई बंद, त्याच गावात शेळ्या, हाही एक सरकारी विनोद. त्यापेक्षा शहाणपणाची वाट 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत रुजलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने दाखवली. कुटुंबाच्या जमिनीतला एक एकर बाईच्या हाती, त्यात आधी घरात खायचे पिकवायचे. थोड्या पाण्यात भाजी, डाळ, धान्य. बाईच्या नावावर जमीन नसली तरी पीक कुठले घ्यायचे हे तिने ठरवले.

2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आली: पाऊस किती पडला, मुरला किती, पिकांना लागणार किती. काही गावांत तो भिंतीवर रंगवलेला असतो आणि बऱ्याचदा तूट दाखवतो. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालणारा भूजल कायदा 2014 पासून लागू आहे. साठ मीटर म्हणजे जवळपास दोनशे फूट. लातूरकडे बोअर आठशे फुटांपर्यंत गेल्याच्या गोष्टी दुष्काळात सर्रास ऐकू येत होत्या. मार्च लागला की बोअरच्या गाड्या ताळेबंदाच्या त्याच भिंतीसमोरून शिवारात जातात, आणि गाडी अडवायचा अधिकार पाणलोट समितीला कुणी दिलेला नाही.