काचेवरची काच

‘रात्रीपासून काही खाऊ नका, घशात फवारा मारू, दहा मिनिटांत मोकळे व्हाल.’ डोंबिवलीत दुर्बिणीने पोट तपासणाऱ्या कुठल्याही दवाखान्यात हे ऐकायला मिळतं. आत जाणारी नळी साधारण मीटरभर लांब, करंगळीहून बारीक. दिवा मात्र आत जात नाही. तो बाजूच्या यंत्रात असतो, त्याची उष्णताही बहुतांशी तिथेच राहते. जठरापर्यंत पोचतो तो फक्त उजेड, केसाहून बारीक अशा हजारो काचतंतूंमधून.

वळणावळणाच्या वाटेने उजेड जातो कसा? दहावीच्या पुस्तकातलं पूर्ण आंतरिक परावर्तन इथे कामाला येतं. तंतूच्या गाभ्याचा अपवर्तनांक समजा १.६२ आणि वेष्टनाच्या काचेचा १.५२. क्रांतिक कोन सुमारे ७० अंश. त्याहून तिरकस आलेला किरण आतच परततो, मीटरभरात हजारो वेळा. आरसा दर खेपेला ५ टक्के प्रकाश गिळतो असं धरलं, तर शंभर परावर्तनांनंतर शेकडा एक भागही उरणार नाही. इथे भिंतीवर जवळजवळ काहीच सांडत नाही.

माझ्या मते सगळी करामत त्या वेष्टनाची आहे. उघडे तंतू एकमेकांना चिकटले की प्रकाश शेजारच्या तंतूत झिरपतो आणि चित्र पुसट होतं. १९५४ साली पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेऊन दाखवली. डच शास्त्रज्ञ व्हान हील यांनी त्याच सुमारास वेष्टनाची कल्पना मांडली. पण काचेच्या नळीत काचेची कांडी घालून, दोन्ही एकत्र तापवून तंतू ओढला तो १९५६ मध्ये, मिशिगनमधल्या लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने. पुढच्याच वर्षी त्याच्यासोबत काम करणाऱ्या डॉ. हर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची पोट तपासायची दुर्बीण आधी स्वतःच्या घशात घातली.

आता बहुतेक नळ्यांच्या टोकाशी कॅमेरा असतो, चित्र तारेतून येतं. उजेडाचं काम मात्र अजून काचेकडेच आहे. १९९० मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली, भारतातली पहिली. अशा शस्त्रक्रियेत पोटातला उजेड तंतूंच्या केबलमधूनच येतो.

ही केबल घट्ट गुंडाळली की तंतू तुटतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. तपासायची रीत सोपी आहे: एक टोक ट्यूबलाइटकडे धरायचं आणि दुसऱ्या टोकात पाहायचं. जितके काळे ठिपके, तितके तंतू गेलेले. ठिपके फार झाले, तर केबल बदलायलाच हवी.