मुलाच्या इको रिपोर्टमधला आकडा वाचण्याआधी त्याचं वजन आणि उंची बघा

ईदसाठी मुलाला कुर्ता घ्यायला जातो तेव्हा आपण दुकानदाराला नुसतं वय सांगून थांबत नाही. कुर्ता पाठीला लावून बघतो, बाही मोजतो. कारण एकाच वयाची दोन चुलत भावंडं असली तरी एक अंगाने भरलेलं असतं आणि दुसरं किरकोळ. पण त्याच मुलाचा हृदयाचा रिपोर्ट हातात आला की आपण हे विसरतो. त्यातला एखादा आकडा मोबाइलवर शोधतो, समोर येतो तो मोठ्या माणसाचा नॉर्मल आकडा. मग एकतर घरात रडारड सुरू होते, नाहीतर "आकडा तर बरोबर आहे" म्हणून सगळे निर्धास्त होतात. यातली दुसरी चूक जास्त महागात पडू शकते.

म्हणून लहान मुलांच्या हृदयाचे आणि रक्तदाबाचे आकडे कसे वाचतात, ते आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

शरीराचं माप कसं काढतात?

बाळाचं हृदय बाळाएवढं लहान असतं आणि शरीर वाढेल तसं तेही वाढतं. त्यामुळे "महाधमनी इतके मिलिमीटर" एवढं सांगून काहीच कळत नाही. कोणत्या मापाच्या मुलाची, हे आधी कळायला हवं. त्यासाठी डॉक्टर बहुतेक वेळा शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ धरतात. रिपोर्टवर ते बीएसए या नावाने लिहिलेलं असतं. 1987 साली मोस्टेलर यांनी दिलेलं त्याचं सूत्र सोपं आहे. सेंटिमीटरमधली उंची आणि किलोमधलं वजन यांचा गुणाकार करा, त्याला 3600 ने भागा आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ काढा. 3 किलो वजनाच्या, 50 सेंटिमीटर लांबीच्या नवजात बाळाचं क्षेत्रफळ साधारण 0.2 चौरस मीटर येतं. 60 किलो वजनाच्या आणि 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं येतं 1.66.

मग आकड्याला सरळ वजनाने किंवा क्षेत्रफळाने भागलं की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. वरच्या उदाहरणातल्या बाळापेक्षा त्या माणसाचं वजन 20 पट आहे, क्षेत्रफळ 8 पट आहे, पण महाधमनीची रुंदी जेमतेम 3 पट असते. रुंदीला क्षेत्रफळाने सरळ भागलं तर प्रत्येक निरोगी बाळाची धमनी फुगलेली दिसेल. सरळ भागाकाराचा हा धोका ब्रिटनचे वाढतज्ज्ञ जे. एम. टॅनर यांनी 1949 सालीच दाखवून दिला होता.

झेड स्कोअर म्हणजे काय?

यावरचा उपाय म्हणजे झेड स्कोअर. शेकडो निरोगी मुलांची मापं घेऊन, अमुक क्षेत्रफळाच्या मुलाची धमनी सरासरी किती रुंद असते आणि त्यात किती कमी-जास्त चालतं, याची सूत्रं तयार केलेली आहेत. आपल्या मुलाचं माप त्या सरासरीपासून किती दूर आहे, ते झेड स्कोअर सांगतो. शून्य म्हणजे बरोबर सरासरी. उणे 2 ते अधिक 2 या पट्ट्यात साधारण 95 टक्के निरोगी मुलं येतात. वजा चिन्ह दिसलं म्हणून घाबरू नका. माप सरासरीपेक्षा थोडं लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कावासाकी आजारात या हिशोबावर उपचार ठरतात

कावासाकी आजार मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी 1967 साली त्याचं वर्णन केलं. पाच दिवस किंवा जास्त टिकणारा ताप, लाल डोळे, लाल फुटलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ, अंगावर पुरळ, हातपायांना सूज आणि मानेत गाठ ही त्याची लक्षणं. सगळी एकदम दिसतीलच असं नाही. वेळेत उपचार झाले नाहीत तर साधारण चारातल्या एका मुलात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिनचं औषध शिरेतून दिलं तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

पूर्वी सोपा नियम होता. पाच वर्षांखालच्या मुलाची धमनी 3 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तरच ती फुगलेली समजायची. पण सहा महिन्यांच्या 7 किलोच्या बाळात 2.5 मिलिमीटरसुद्धा खूप जास्त असतात. जुन्या नियमाने ते बाळ नॉर्मल ठरलं असतं. म्हणून 2017 च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झेड स्कोअर धरला आहे. 2.5 पासून पुढे धमनीचा फुगा मानतात आणि 10 किंवा त्याहून जास्त असेल तर तो फार मोठा फुगा. औषध कोणतं आणि तपासणी किती वेळा, हे त्यावर ठरतं.

आता वजन लिहिताना झालेली एक चूक काय करते, ते बघा. मुलगी 90 सेंटिमीटर उंच, वजन 12 किलो, डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीचं माप 2.5 मिलिमीटर. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका सूत्राने झेड स्कोअर येतो साधारण 2.8, म्हणजे फुगा. फॉर्मवर कोणी 12 च्या जागी 21 लिहिलं, तर तोच स्कोअर साधारण 1.6 होतो. रिपोर्ट नॉर्मल! धमनी तीच, मशीनही तेच, फक्त एक आकडा उलटा लिहिला.

रक्तदाबाचंही तसंच

114/74 हा रक्तदाब अब्बूंचा असेल तर उत्तम. तीन वर्षांच्या मुलाचा असेल तर जास्त आहे. त्या वयात वरचा आकडा साधारण 90 च्या आसपास असतो. तेरा वर्षांखालच्या मुलांत वय, मुलगा की मुलगी, आणि उंची या तिन्ही गोष्टी तक्त्यात बघूनच निर्णय करतात. दंडाला बांधायचा पट्टाही मुलाच्या मापाचाच हवा. लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो, मोठा लावला तर खोटा कमी येतो. मूल रडत असताना घेतलेला आकडा धरू नका, शांत झाल्यावर पुन्हा घ्यायला सांगा. नाडीचंही तेच आहे. नवजात बाळाचे मिनिटाला 130 ठोके नेहमीचे, पण आराम करत बसलेल्या दादीचे तेवढे असतील तर डॉक्टरकडे न्यायला हवं.

घरच्यांनी काय करावं?

इकोला जाताना वजन अंदाजाने किंवा आठवणीतून सांगू नका. त्याच दिवशी जाड कपडे आणि बूट काढून वजन करून घ्या. उंचीही मोजून घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात. रिपोर्ट मिळाल्यावर सगळ्यात आधी वर लिहिलेलं वजन आणि उंची आपल्याच मुलाची आहे ना, ते तपासा. मग डॉक्टरांना विचारा, "झेड स्कोअर किती आहे? कोणत्या सूत्राने काढला?" वेगवेगळ्या सूत्रांचं उत्तर थोडं वेगळं येतं. म्हणून पुढच्या वेळी तेच सूत्र वापरलं तरच खरी तुलना होते. जुने रिपोर्ट जपून ठेवा.

मूल खूप लठ्ठ असेल, खूप अशक्त असेल किंवा अंगावर सूज असेल तर वजनामुळे हा हिशोबही फसू शकतो. ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि झेड स्कोअर एकटा निकाल देत नाही. मुलाचा ताप, दूध पिणं, धाप, निळसरपणा हे सगळं बघूनच डॉक्टर ठरवतात.

खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. 2013 पासून सुरू असलेल्या या योजनेत जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते, त्यात जन्मजात हृदयविकारही येतो. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना विचारलं तर पुढचा रस्ता कळेल. बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, त्यावर आधीची वजनं लिहिलेली असतात.

दुआ तर आपण सगळेच करतो. तिच्यासोबत वजन-उंचीचा आकडा एकदा नीट तपासायला दोन मिनिटं लागतात, तीही काढू या.