मुदतीआधी

बँकेतली माझी बरीच वर्षे मुदत ठेवींच्या काउंटरवर गेली. कुणी ठेव मुदतीआधी मोडायला आले, की माझे ठरलेले प्रवचन सुरू होई : ‘थोडे थांबा, व्याज बुडेल.’ एकदा एका बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पावती पुढे सरकवत म्हणाल्या, “साहेब, व्याजाचं कळतंय मला. पण पोरगं दवाखान्यात आहे.”

त्या बाई परवा आठवल्या, त्या एका बेडकाविषयी वाचताना. मध्य अमेरिकेच्या जंगलात लाल डोळ्यांचा हिरवा वृक्षबेडूक असतो. त्याची मादी डबक्यावर झुकलेल्या पानांना अंडी चिकटवते. सारे सुरळीत असेल, तर सहा-सात दिवसांनी पिल्ले निघून खाली पाण्यात पडतात. पण सापाने अंड्यांना तोंड घातले, तर पाच दिवसांची पिल्लेसुद्धा भराभर अंडी फोडून पाण्यात उड्या घेतात आणि बरीचशी वाचतात. कॅरेन वॉर्केन्टिन या संशोधिकेने १९९५ मध्ये हे मांडले.

मग सगळीच लवकर का निघत नाहीत? कारण खाली पाण्यात मासे आणि झिंगे टपलेले असतात. अपुऱ्या दिवसांचे पिल्लू त्यांना सहज सापडते. वर थांबावे तर साप, खाली उतरावे तर मासा! म्हणून उगाच घाई करून भागत नाही. पान पावसानेही हलते. पण सापाचे हिसके आणि पावसाचे थेंब यांची लय निराळी असते, आणि अंड्यातल्या त्या जिवाला हा फरक बराचसा कळतो.

माशांची तरी सुटका कुठे आहे? उत्तर अमेरिकेत फॅटहेड मिनो नावाचा बोटभर मासा आहे. क्रेफिश हा खेकड्या-शेवंडांच्या नात्यातला प्राणी त्याची अंडी खातो. त्याच्या वावराचा वास पाण्यात उतरला, की या माशाची पिल्लेही लवकर बाहेर येतात. मात्र अंगाने आखूड. म्हणजे तिथेही व्याज बुडालेच, मुद्दल तेवढे वाचले.

आपल्या घरांतही कुणी शिक्षण अर्धवट टाकून कामाला लागलेला असतो, कुणी लहानपणीच मोठी झालेली असते. ‘घाई केलीस,’ असे आपण सहज म्हणतो. आपल्याला बुडालेले व्याज दिसते, साप दिसत नाही. त्या दिवशी मी त्या बाईंना प्रवचनाआधी एवढेच विचारायला हवे होते : ‘घरी सगळे ठीक आहे ना?’