छर्‍याचा वेग आणि छर्‍याचा जोर

छर्‍याच्या बंदुकीची योग्यता जाहिरातीतील वेगाच्या एका आकड्यावरून मुकरर करण्याची जी चाल रूढ झाली आहे, तिच्या मुळाशी काही गैरसमज आहेत. आणि ज्या साधनाने माणसाचा डोळा कायमचा जाऊ शकतो, त्याविषयीचे अज्ञान निरुपद्रवी मानता येत नाही, म्हणून त्यांची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : वेग अधिक, तर जोर अधिक.

वस्तुस्थिती : छर्‍याच्या वस्तुमानास वेगाच्या वर्गाने गुणून त्याची निमपट केली असता गतिज ऊर्जा मिळते, म्हणून वजनावाचून वेगाची साक्ष अपुरी होय. ०.५२ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे ८ ग्रेनचा छर्रा सेकंदास २४० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा १५ ज्यूल भरते. तेवढीच ऊर्जा ०.३५ ग्रॅमच्या हलक्या छर्‍यास लाभली, तर तो २९३ मीटर वेगाने निघेल, आणि १ ग्रॅमच्या छर्‍यास लाभली, तर १७३ मीटर वेगाने. तिघांचे वेग इतके निराळे असूनही ऊर्जा एकच आहे, आणि जाहिरातीत झळकणारा मोठा आकडा पुष्कळदा अशा हलक्या छर्‍याच्याच जिवावर मिळवलेला असतो.

गैरसमज : नळीचा व्यास वाढला की जोर आपोआप वाढतो.

वस्तुस्थिती : ४.५ मिलिमीटर नळीचे छेदक्षेत्र सुमारे १५.९ चौरस मिलिमीटर आणि ५.५ मिलिमीटर नळीचे २३.८ असल्यामुळे, हवेचा दाब समान असता, मोठ्या छर्‍यावर दीडपट बल पडते हे खरे. परंतु स्प्रिंगच्या बंदुकीत खर्चावयाची सारी ऊर्जा स्प्रिंग दाबतानाच ठरून गेलेली असते. तेथे मोठी नळी अधिक जड छर्रा कमी वेगाने फेकते आणि एकूण जोर जवळपास तोच राहतो. ज्या बंदुकीत दाबलेल्या हवेचा साठा टाकीत भरलेला असतो, तेथे मात्र मोठ्या व्यासाचा लाभ ऊर्जेत खरोखर उतरतो.

गैरसमज : जड छर्रा वापरल्यास बंदूक दुबळी होते.

वस्तुस्थिती : वेग घटतो, यात संशय नाही, जोराचा फैसला मात्र यंत्ररचनेवर अवलंबून आहे. टाकीच्या बंदुकीत जड छर्रा नळीत अधिक काळ रेंगाळतो, हवेला त्याच्यावर कार्य करण्यास अधिक अवधी मिळतो, आणि त्यामुळे वेग उतरूनही ऊर्जा बहुधा चढते. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा प्रमाणाबाहेर जड असेल, तर तो हलण्यापूर्वीच दाबलेल्या हवेवर आपटून दट्ट्या मागे उसळतो आणि ऊर्जेचा काही भाग वाया जातो. एकदा नळीबाहेर पडल्यावर मात्र, आकार आणि व्यास समान असता, जड छर्राच हवेच्या विरोधास अधिक दाद न देता आपला वेग टिकवतो.

गैरसमज : ध्वनीहून वेगवान छर्रा अधिक अचूक.

वस्तुस्थिती : २० अंश सेल्सिअस तापमानास ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो, आणि त्याच्या आसपास कंबर आवळलेल्या आकाराचा सामान्य छर्रा सहज डळमळतो. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने आणि २०२२ साली कैरोच्या विश्वस्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात दहा गुणांचा बिंदू अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. आणि त्याचा वेध घेणार्‍या ४.५ मिलिमीटर छर्‍याचा वेग साधारणतः १७० ते १७५ मीटरच असतो.

गैरसमज : परवाना लागत नाही, अर्थात हे खेळणे आहे.

वस्तुस्थिती : आपल्याकडील २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याची सीमारेषा ४.५ मिलिमीटर व्यास आणि २० ज्यूल ऊर्जा यांवर आखली आहे, वेगावर नव्हे. परंतु त्या मर्यादेच्या आतील छर्राही डोळ्यात शिरून दृष्टी हिरावण्यास पुरेसा समर्थ असतो. म्हणून बंदूक घेणार्‍याने वेगाबरोबर तो कोणत्या वजनाच्या छर्‍यावर मोजला याचीही खातरजमा करावी, दोहोंवरून ऊर्जेचा हिशेब स्वतः मांडावा, आणि तो आकडा कितीही लहान निघाला तरी नळीचे तोंड कोणत्याही प्राणिमात्राकडे वळू देऊ नये.