प्लॅटिनमचे दोन हात

निफाड तालुक्यांतील द्राक्षबागांत फिरलेल्या वाचकांस वेलींच्या पानांवरील निळसर डाग परिचित असतील. तें मोरचूद व चुना यांचें मिश्रण होय. केवडा रोगाच्या बुरशीस मारण्यासाठीं तें फवारतात. धातूची सत्ता जिवंत वस्तूंवरही चालते, ही गोष्ट आमच्या बागाइतदारांस पुस्तकाविना ठाऊक आहे. आज आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस दुसऱ्या एका धातूची हकीकत सांगणार आहों. तो बुरशीवर नव्हे, तर कर्करोगावर चालतो.

प्रथम एक लहानसा प्रयोग. परीक्षानळींत मोरचुदाचें फिकट निळें पाणी घेऊन गुरुजींच्या देखरेखीखालीं त्यांत अमोनियाचें द्रावण थेंबथेंब घालावें. आरंभीं फिकट निळा साका दिसतो; आणखी थेंब पडतांच तो विरघळून पाणी गर्द निळें होतें. तांब्याच्या प्रत्येक कणाभोंवतीं अमोनियाचे चार रेणू येऊन बसले, त्याचा हा रंग. मध्यें धातु व भोंवतीं त्याचे सोबती, अशा रचनेस जटिल संयुग म्हणतात. तांबें, लोखंड, प्लॅटिनम इत्यादि संक्रमणी धातूंस असा परिवार जमविण्याची विशेष हौस असते.

प्लॅटिनमचें असेंच एक संयुग 1845 सालीं मिकेले पेरोने या इटालियन रसायनज्ञानें वर्णिलें. त्यांत प्लॅटिनमच्या एका अणूस दोन अमोनिया व दोन क्लोरीन जोडलेले असतात. शंभराहून अधिक वर्षें या पिवळ्या पुडीचा औषधी गुण कोणाच्या ध्यानीं आला नाहीं. पुढें अमेरिकेंतील मिशिगन राज्य विद्यापीठांत बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो हें पाहत असतां जंतु लांबच लांब वाढले, पण दुभंगेनात. वीज त्यास कारण नव्हती. प्लॅटिनमच्या विद्युदग्रांतून झिजलेल्या धातूपासून बनलेलीं संयुगें कारण होतीं. हें त्यांनीं 1965 सालीं प्रसिद्ध केलें. जें जंतूंचें विभाजन थांबवितें, तें बेसुमार वाढणाऱ्या कर्कपेशींस कां न थांबवावें? 1978 सालीं अमेरिकेंत सिसप्लॅटिन या नांवानें त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली.

आतां तें करतें काय? पेशींत डीएनए नांवाचा, पिळलेल्या शिडीसारखा, अतिसूक्ष्म पदार्थ असतो. पेशी दुभंगण्यापूर्वीं त्याची नक्कल व्हावी लागते. रक्तांत मिठाचा अंश पुष्कळ असल्यानें तेथें क्लोरीन सोबती प्लॅटिनमला सहसा सोडीत नाहींत. पेशीच्या आंत तो अंश थोडा. तेथें ते गळून पडतात, त्यांच्या जागीं पाणी येतें, आणि मग प्लॅटिनमचे हे दोन हात डीएनएच्या एकाच धाग्यावर शेजारीं शेजारीं असलेल्या ग्वानिन नांवाच्या दोन घटकांस घट्ट धरतात. शिडी त्या ठिकाणीं वांकते. नक्कल अडते, आणि दुरुस्ती न साधल्यास पेशी मरते.

येथें एक मौज आहे. तेच अणु, तितकेच अणु, परंतु दोन क्लोरीन शेजारीं न बसवितां समोरासमोर बसविले, तर तें संयुग औषध म्हणून निरुपयोगी ठरतें. हात विरुद्ध दिशांस झाल्यानें शेजारचे दोन घटक एकदम धरतां येत नाहींत. तेव्हां प्लॅटिनमची अंगठी घालून कोणी निर्धास्त राहूं नये! मोरचूद तर विषच. तें पोटांत जातां कामा नये. बुरशींत तांबें मुख्यतः प्रथिनांस पकडून त्यांचें कार्य बिघडवितें, तो मार्ग निराळा.

मुंबईस परळ येथें 1941 सालीं सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत, गर्भाशयमुखाचा कर्करोग बराच पसरलेल्या 850 स्त्रियांची 2003 ते 2011 या काळांत नोंद करून या औषधाची परीक्षा झाली. निम्म्यांस केवळ किरणोपचार, निम्म्यांस त्याबरोबर दर आठवड्यास सिसप्लॅटिन. निष्कर्ष 2018 सालीं प्रसिद्ध झाले: पांच वर्षांनंतर पहिल्या गटांतील शेंकडा 46 व दुसऱ्या गटांतील शेंकडा 54 स्त्रिया हयात होत्या. शंभरांत आठ. ज्या घरची आई त्या आठांत असेल, त्या घरास हा आंकडा लहान वाटणार नाहीं.

परंतु प्लॅटिनमला कर्कपेशी कोणती व निरोगी पेशी कोणती, हा भेद नीटसा कळत नाहीं. ओकाऱ्या होतात, कित्येकांस कमी ऐकूं येऊं लागतें, मूत्रपिंडांस इजा पोहोंचते. म्हणून औषधाच्या आधीं व नंतर शिरेंतून मिठाचें पाणी भरपूर देतात. आमच्याकडे सलाइन म्हणजे ताकदीची बाटली असा समज आहे. येथें तें मूत्रपिंडांच्या रक्षणासाठीं असतें, आणि त्या दिवशीं रुग्णास लघवी किती झाली याकडे डॉक्टरांचें लक्ष असतें.