एसीचा गॅस खरंच संपलाय का? आधी तांब्याचे दोन पाईप बघा

उन्हाळ्यात एसी गार हवा देईनासा झाला की मेकॅनिक येतो, पाच मिनिटं बघतो आणि सांगतो, "गॅस संपलाय, भरावा लागेल." आपण दोन-तीन हजार काढून देतो. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच! म्हणून आज मी सांगणार आहे की दुखणं गॅसचंच आहे की दुसरं काही, हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. कंप्रेसर त्याला बंद नळीत गोल गोल फिरवतो. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम. म्हणजे गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय, नाहीतर बसवतानाच कमी पडला होता. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. "दरवर्षी थोडा भरावाच लागतो" हे वाक्य मला तरी अजिबात पटत नाही.

पाईप काय सांगतात?

स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटला दोन पाईप जोडलेले असतात, एक बारीक आणि एक जाड. बारीक पाईपमधून गार झालेला गॅस आत जातो आणि खोलीतली उष्णता घेऊन जाड पाईपमधून परत येतो. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये प्रेशर पाडणारा भाग बाहेरच्या युनिटमध्येच असतो, त्यामुळे बारीक पाईपही गारच लागतो.

एसी सगळ्यात कमी तापमानावर ठेवून वीस मिनिटं चालवा आणि मग बघा. दोन्ही पाईप गार आणि जाड पाईपच्या जोडाला घाम आलेला असेल, तर गॅसचं चक्र बहुधा ठीक आहे.

बारीक पाईपवर पांढरा बर्फ आणि जाड पाईप कोरडा, कोमट? मग गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. पण कुठे तरी अडथळा असला तरी असंच दिसतं. भिंतीच्या भोकाजवळ पाईप वाकवताना चेपला असेल, तर चेपलेल्या जागेच्या पुढे बर्फ धरतो आणि मागे नसतो. अशा वेळी गॅस भरून काहीच होणार नाही.

जाड पाईपवर आणि आतल्या कॉइलवरही बर्फ असेल, तर आधी फिल्टर काढून बघा. धुळीने फिल्टर बंद झाला की कॉइलला हवा मिळत नाही आणि ती गोठते. एसी बंद करा, बर्फ वितळू द्या, फिल्टर धुवा. खर्च शून्य. माझ्या मते विनाकारण गॅस भरण्याचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

दोन्ही पाईप हवेइतकेच कोमट असतील तर कंप्रेसर चालूच नसेल, किंवा गॅस पूर्ण गेला असेल. इन्व्हर्टर एसी असेल तर डिस्प्लेवर एरर कोड आलाय का ते बघून मॅन्युअलशी ताडा.

आणि हो, पाईपच्या फाटक्या फोममधून टपकणारं पाणी म्हणजे गॅसची गळती नाही. दमट हवेतली वाफ गार तांब्यावर जमते, बस्स. फोम बदलला की झालं.

बाहेरचं युनिट ग्रिलच्या पलीकडे असेल तर वाकून हात घालू नका. फोन झूम करून फोटो काढा. "एसीचं तापमान मोजा" म्हणणाऱ्या ॲप्सच्या नादी मात्र लागू नका. बहुतेक फोनमध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा यात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा.

मेकॅनिक आल्यावर

गॅससोबत कंप्रेसरचं थोडं तेलही फिरत असतं. म्हणून गळतीच्या जागी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो, बहुतेक वेळा पाईपच्या नटांजवळ. तिथे साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. फेसाने सापडलं नाही तर नायट्रोजन भरून प्रेशर टिकतं का ते तपासायला सांगा.

एसी बंद असताना मीटर दाखवून "बघा, प्रेशर भरपूर आहे" म्हटलं तर ते धरू नका. आत थोडासा द्रव उरला असला तरी बंद एसीचं प्रेशर बाहेरच्या तापमानावर ठरतं, गॅस किती आहे यावर नाही. चालू एसीचा आकडाही गॅसप्रमाणे बदलतो: आर-२२ ला साधारण ६० ते ७० पीएसआय, तर आर-३२ ला १२० ते १४० च्या आसपास.

गळती बंद झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा. आत हवा राहिली की प्रेशर वाढतं, आणि हवेतली ओल बारीक नळीत गोठते. त्यानंतर गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती ग्रॅम आणि कोणता, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. तिचा फोटो आत्ताच काढून ठेवा. आर-३२ च्या एसीत दुसरा गॅस भरू देऊ नका. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, त्यामुळे काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, आणि पाईपमध्ये गॅस असताना वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नका. व्हॉल्व्ह स्वतः खोलायचा विचारही नको.

बिलावर गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम गॅस भरला, हे लिहून घ्या. आतली कॉइलच गळत असेल तर ती बदलायचं ठरवण्याआधी वॉरंटी कार्ड शोधा.